सागरी बर्फाचा गाभा : घनता व लवणता मापन

गोठलेल्या समुद्राच्या थरातून पोकळ बरम्याने उभा कापून काढलेला बर्फाचा दंडगोल. त्याचा व्यास बहुधा 9 ते 14 सेंमी. असतो. हिमनदीचा किंवा ध्रुवीय हिमस्तराचा गाभा याहून वेगळा : तो साचलेला हिम दबून बनलेला, गोड्या पाण्याचा असतो; सागरी बर्फ थेट खाऱ्या पाण्यातून गोठतो. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात (स्थापना 1998) −20° से. तापमानाची हिमगाभा प्रयोगशाळा आहे. तिथला भर हिमनदी व हिमस्तराच्या गाभ्यांवर आहे.

समुद्राच्या पाण्याची लवणता साधारण 35, म्हणजे किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. ते −1.8° से.च्या आसपास गोठू लागते. बर्फाच्या स्फटिकात क्षारांना जागा नसते. बरेचसे क्षार खाली समुद्रात परततात. उरलेले बारीक पोकळ्यांत आणि नाळींत दाट मिठवणीच्या रूपात अडकतात. म्हणून एका हिवाळ्याच्या बर्फाची लवणता बहुधा 4 ते 6 भरते, तर उन्हाळे काढलेल्या जुन्या बर्फाची त्याहून बरीच कमी.

लवणता : गाभा वर आला की आधी त्याला ठरावीक अंतरावर बारीक भोके पाडून आतले तापमान घेतात. त्यात दिरंगाई चालत नाही. मिठवणीचे प्रमाण घनफळाच्या सुमारे 5 टक्क्यांवर गेले की नाळी एकमेकींना जोडल्या जाऊन बर्फ पाझरू लागतो. 5 लवणतेच्या बर्फात हे साधारण −5° से.ला घडते. समुद्राला टेकलेला तळ सर्वांत उबदार, त्यामुळे गाभा उचलताना तिथली मिठवणी सर्वांत आधी गळते आणि तळाची लवणता खऱ्याहून कमी दिसते. तापमान घेताच करवतीने 5 किंवा 10 सेंमी.चे तुकडे करून ते झाकणबंद डब्यांत भरतात, पूर्ण वितळू देतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून लवणता काढतात. अर्धवट वितळलेल्या तुकड्याचे मोजमाप निरुपयोगी असते, कारण वितळताना खारे पाणी आधी सुटते.

घनता : हे मापन अधिक कठीण. तुकडा नेमक्या आकारात कापून, लांबी-व्यास मोजून आणि वजन करून घनता काढण्याची पद्धत सोपी आहे; पण कडा ढासळतात आणि घनफळ चुकते. त्याहून भरवशाची पद्धत आर्किमिडीजच्या तत्त्वाची : तुकडा आधी हवेत आणि मग घनता माहीत असलेल्या थंड केरोसिनमध्ये बुडवून तोलतात. वजनातल्या फरकावरून घनफळ मिळते. शुद्ध बर्फाची घनता घनमीटरला 917 किग्रॅ. असते. मिठवणी ती वाढवते, हवेचे बुडबुडे घटवतात. गळून गेलेल्या मिठवणीच्या जागी हवा शिरली तर आकडा फसवा येतो. तापमान, लवणता आणि घनता हातात असली की कॉक्स व वीक्स यांच्या 1983 च्या समीकरणांनी बर्फातील मिठवणी आणि हवा यांचे प्रमाण काढता येते.

महत्त्व : उपग्रहाला बर्फाची जाडी थेट दिसत नाही, पाण्यावरची उंची कळते. भारत-फ्रान्सच्या सरल उपग्रहावरील (2013) अल्टिका उंचीमापकाची निरीक्षणेही यासाठी वापरली गेली. उंचीवरून जाडी काढताना घनता गृहीत धरावी लागते. वर हिम नसलेला बर्फ पाण्याबाहेर 20 सेंमी. असेल आणि समुद्रजलाची घनता 1024 धरली, तर बर्फाच्या 917 घनतेला जाडी 191 सेंमी. येते, जुन्या, हवा भरलेल्या बर्फाच्या 882 घनतेला 144 सेंमी. घनतेत चार टक्के फरक पडला की जाडीत पाव हिस्सा हलतो. म्हणून काही मोजक्या गाभ्यांच्या काळजीपूर्वक तोलण्यावर अवघ्या ध्रुवीय नकाशांची विश्वासार्हता टेकलेली आहे.

या नकाशांशी महाराष्ट्राचाही संबंध येतो. आर्क्टिकमधील कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असे वास्कोच्या केंद्रातील संशोधकांनी 2021 साली मांडले. नाशिक जिल्ह्यात हरसूल-पेठच्या डोंगरउतारांवर याच सुमारास भात आणि नागली शेतात उभी असते; अशा पावसाचा फटका या पिकांना बसू शकतो.