उजेडाची मात्रा

कातडीवर उजेड पाडून रोग बरा करण्याची कल्पना अगदी अलीकडची, अशी पुष्कळांची समजूत असते. चरकसंहितेतील श्वित्राची, म्हणजे कोडाची, चिकित्सा वाचली की ती टिकत नाही. रोग्याने काकोदुंबराचा रस गुळाबरोबर घ्यावा आणि शक्तीप्रमाणे उन्हात बसावे, असे तेथे सांगितले आहे. नंतर डागांवर फोड येतात, ते काट्याने फोडावेत, हेही लागलीच सांगितले आहे. फोड हा अपघात नव्हे, उपचाराचाच टप्पा होय, असे ग्रंथकार गृहीत धरतो. बावचीचा लेप लावून उन्हात बसण्याची रीतही याच कुळातली.

अडचण होती ती मापाची. विस्तवाचा चटका बसताच हात मागे येतो. उजेडाचे तसे नाही. अतिनील किरणांचा दाह काही तासांनी जाणवू लागतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी भरात येतो. बावचीसारख्या द्रव्याची जोड असेल, तर दोन-तीन दिवसांनी. रोगी उन्हात सुखाने बसे आणि त्याची किंमत मागाहून मोजी. कोड हा संसर्गजन्य नाही. तरी त्यापायी लग्ने मोडतात, पंगतीत पान निराळे पडते. अशा माणसाने डाग लवकर जावा म्हणून दुप्पट वेळ उन्हात काढला, तर त्याला बोल कोणी लावावा?

मापाचा खटाटोप कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन या डॉक्टराने केला. १८९५ साली त्याने चेहरा कुरतडणाऱ्या कातडीच्या क्षयावर विजेच्या कर्बदीपाचा प्रयोग केला; पहिला रोगी एक अभियंता होता. दिव्याची उष्णता पाण्याने शोषून घेत आणि किरण भिंगांतून एकवटत. रक्त किरणांना अडविते, म्हणून परिचारिका स्फटिकाचे भिंग कातडीवर घट्ट दाबून धरी. एका दिव्याभोवती चार रोगी आणि चार परिचारिका! तासाभराच्या बैठकीत नाण्याएवढीच जागा उजळून निघे. पुढे तेथे लाली चढे, फोड येई, खपली पडे. मग शेजारची जागा. असे महिनोन् महिने चाले. तरीही रोगी येत राहिले, कारण विद्रूप चेहऱ्याने लोकांत वावरणे त्यांना अधिक दुःसह होते. फिन्सेनला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतः दीर्घकाळ आजारी असलेला हा माणूस १९०४ साली, अवघ्या ४३ व्या वर्षी वारला. त्याची उपपत्ती मात्र फसवी होती. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्याची जुनी भिंगे तपासली, तेव्हा ज्या आखूड लांबीच्या किरणांना तो श्रेय देई, ते त्यांतून पार होतच नव्हते, असे आढळले.

बावचीतील सोरालेन १९७४ साली बोस्टनहून नव्या रूपाने पुढे आले. गोळी घ्यायची आणि मग अतिनील दिव्यांपुढे उभे राहायचे, असा सोरायसिसवरचा तो उपाय गुणकारी ठरला. पण मळमळ, खाज आणि दिवसभर काळा चष्मा हे त्याचे सोबती होते. पुढे कर्करोगाचा धोकाही दिसून आला. म्हणून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण देणारे, गोळीवाचून चालणारे दिवे रूढ झाले. कोडावरील त्यांचा उपयोग १९९७ साली ॲमस्टरडॅमहून प्रसिद्ध झाला.

या दिव्यांपुढे प्रथम अगदी थोडा वेळ उभे करतात. थोडी ऊब, नंतर कोरडेपणा व खाज एवढे सोसावे लागते. पुढच्या खेपेस पहिला प्रश्न असतो, मागल्या वेळी कातडी किती लाल झाली? फिकट गुलाबी छटा एका दिवसात ओसरली, तर मात्रा जुळली. लाली टिकली, तर वेळ कमी करतात. आठवड्यातून दोन-तीन खेपा, अनेक महिने. रंग परततो तो केसांच्या मुळांशी बारीक ठिपक्यांनी; म्हणूनच बोटांच्या टोकांवरचे आणि ओठांवरचे डाग सर्वांत हट्टी असतात.