तिभिरीनचा मठ : प्रार्थना, दवाखाना आणि शेजारधर्म

ख्रिस्ती मिशनरी म्हटले की शाळा, इस्पितळ, अनाथालय असे चित्र आपल्यासमोर उभे राहते. ट्रॅपिस्ट मठवासी या चित्रात बसत नाहीत. सिस्टर्शियन परंपरेतील या संघाचे मुख्य कार्य म्हणजे मौन, शेतातील श्रम आणि दिवसातून अनेक वेळा, शिवाय रात्रीही, समूहाने केलेली प्रार्थना. (केरळमधील वागमोन येथील कुरिसुमला आश्रम १९९८ पासून याच संघाचा घटक आहे, हे आमच्या काही वाचकांना ठाऊक असेल.) तरीही या संघाच्या अल्जीरियातील एका मठाचे नाव तेथील दवाखान्याशीही जोडलेले आहे.

अल्जिअर्सच्या दक्षिणेस, मेदेआ शहराजवळ, अ‍ॅटलास पर्वताच्या उतारावर १९३८ साली 'नोत्र दाम द लॅटलास' म्हणजे अ‍ॅटलासची पवित्र मरिया हा मठ स्थिरावला. बर्बर भाषेत तिभिरीन म्हणजे मळे, बागा. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर बहुतेक युरोपीय लोक देश सोडून गेले. १९६३ साली मठ बंद करण्याचे ठरलेही होते. परंतु आर्चबिशप ड्युवाल यांनी तो राहावा असा आग्रह धरला आणि निर्णय अमलात आला नाही. चोहीकडे मुस्लिम वस्ती. धर्मांतर हा मठवासीयांचा हेतू नव्हता. गावकऱ्यांसह ते मळा कसत, उत्पन्न वाटून घेत. गावात मशीद नव्हती तेव्हा मठाच्या आवारातील एक मोठी खोली त्यांनी नमाजासाठी दिली. एकाच आवारातून घंटेचा नाद आणि अजान दोन्ही ऐकू येत.

ब्रदर ल्यूक, म्हणजे पॉल दोशिए, हे व्यवसायाने डॉक्टर. जन्म १९१४, फ्रान्स. दुसऱ्या महायुद्धात एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी ते स्वेच्छेने जर्मनीतील छावणीत गेले होते. युद्धानंतर ते तिभिरीनला आले आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी मोफत दवाखाना चालवला. रुग्णांची संख्या कित्येकदा दिवसाला शंभराच्या घरात जाई. औषधासोबत ते कपडे, चपला देत, लोकांची गाऱ्हाणी ऐकत. स्वतः दम्याने त्रस्त असतानाही मठाचा स्वयंपाक तेच करीत! १९५९ साली स्वातंत्र्यसैनिकांनी त्यांना पळवून नेले व काही दिवसांनी सोडले. परतल्यावर ते पुन्हा कामाला लागले. येणारा कोण, कोणत्या बाजूचा, हा प्रश्न त्यांच्या दारात विचारला जात नसे. जखमी बंडखोरांवरही त्यांनी उपचार केले.

१९९२ नंतर देशात यादवी पेटली. १४ डिसेंबर १९९३ रोजी मठापासून थोड्याच अंतरावर तामेसगिदा येथे बारा क्रोएशियन कामगारांचे गळे चिरण्यात आले. दहा दिवसांनी, नाताळच्या पूर्वसंध्येला, सशस्त्र टोळी मठात आली. डॉक्टर आमच्यासोबत पाठवा, औषधे द्या, पैसे द्या, अशा तिच्या मागण्या होत्या. मठप्रमुख फादर ख्रिस्तियन द शेर्जे यांनी प्रथम, हे शांतीचे घर आहे, येथे शस्त्र घेऊन कोणी येत नाही, असे सांगून त्यांना बाहेर बोलावले. ल्यूक वृद्ध व आजारी आहेत, ते कोठे जाणार नाहीत. ज्याला उपचार हवेत त्याने इतरांप्रमाणे दवाखान्यात यावे, असे त्यांनी सुनावले. आम्हांस या उत्तरात सारा मठ दिसतो. दार कोणालाच बंद नाही, पण ते कोणाच्या मालकीचेही नाही.

यानंतर लष्करी पहारा देऊ करण्यात आला. मठवासीयांनी तो नाकारला. रात्री फाटक बंद करण्यास तेवढी संमती दिली. जावे की राहावे? आरंभी काही जण जाण्याच्या बाजूने होते. बेनेदिक्तीय परंपरेतील मठवासी एकाच मठात आमरण राहण्याचे, स्थिरवासाचे व्रत घेतो. पण व्रताचा अर्थ भिंतींपुरता घ्यायचा की शेजाऱ्यांपर्यंत न्यायचा, हा खरा पेच होता. गावकऱ्यांना जाण्यासाठी दुसरे ठिकाण नव्हते. त्यांनी एकत्र बसून, प्रार्थना करून, मत देऊन राहण्याचे ठरवले.

२६-२७ मार्च १९९६ च्या रात्री सात जणांना पळवण्यात आले : फादर ख्रिस्तियन, ब्रदर ल्यूक, ख्रिस्तोफ, मिशेल, ब्रुनो, सेलेस्तँ आणि पॉल. फादर आमेदे व फादर जाँ-पिएर बंडखोरांच्या नजरेतून सुटले. ३० मे रोजी मेदेआजवळ सातांची शिरे सापडली. धडे आजतागायत मिळालेली नाहीत. मृत्यू नेमका कोणाच्या हातून आला, हा वाद फ्रान्समधील न्यायालयीन चौकशीनंतरही मिटलेला नाही. ल्यूक तेव्हा ८२ वर्षांचे होते.

२०१० साली या घटनेवरील फ्रेंच चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. त्यामुळे लोकांना मठवासीयांचे मरण ठाऊक झाले. त्याआधीची दवाखान्याची वर्षे मात्र आम्हांस अधिक मोलाची वाटतात.

८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान येथे अल्जीरियातील १९ रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांत हे सात जण व बिशप पिएर क्लावेरी आहेत. त्यांचा स्मृतिदिन ८ मे. मठाची परंपरा मोरोक्कोतील मिदेल्ट येथे चालू आहे. तेथेच २०२१ साली फादर जाँ-पिएर निवर्तले. तिभिरीनला २०१६ पासून 'शमँ नफ' या संघाचे सदस्य राहतात. सात कबरी मठाच्या बागेत आहेत.