वैऱ्याच्या खिशातला झेंडा

मणिपूरला पोस्टिंग आली की १९४४ साल टाळता येत नाही. इंफाळहून टिड्डीम रस्त्याने दक्षिणेला निघालं की रेड हिल लागते. तिच्या पायथ्याशी २०१९ पासून शांतता संग्रहालय उभं आहे. उत्तरेला उखरुलच्या बाजूला शांगशाक. तिथे मार्च १९४४ मध्ये ५०वी पॅराशूट ब्रिगेड लढली आणि तिच्या जोडीला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती.

शांगशाकला एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि कोहिमा-इंफाळवरच्या चढाईचा बेत उघडा पडला. मेलेल्या शत्रूची झडती घेणं हे त्यामुळे कामच होतं. पण झडतीत नकाशाखेरीज आणखीही बरंच हाताला लागायचं.

जपानी शिपाई आघाडीवर निघाला की घरचे, शेजारी, शाळासोबती एका रेशमी किंवा सुती झेंड्यावर सह्या करत. मधल्या लाल सूर्याभोवती किरणांसारखी नावं आणि वर चार अक्षरं, युद्धात नशीब चिरकाल साथ देवो अशा अर्थाची. याला ‘योसेगाकी हिनोमारू’ म्हणतात. घडी घालून तो अंगाशी बाळगायचा. दुसरी वस्तू कमरेचा पट्टा, ‘सेन्निनबारी’. हजार बायकांनी प्रत्येकी एक टाका घातलेला. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र वयाइतके टाके घालता येत, कारण वाघ कितीही लांब गेला तरी परत येतो ही समजूत. आपल्याकडे आई लेकाच्या दंडाला ताईत बांधते, त्यातलाच हा प्रकार.

जिंकणाऱ्यांनी हे झेंडे आठवण म्हणून उचलले. पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांनी तर ढिगाने नेले. ते माळ्यावर, ट्रंकेत पडून राहिले. आजही लिलावात विकले जातात.

यातले काही आता परत जात आहेत. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातली ओबोन सोसायटी ही संस्था २००९ पासून हेच काम करते. झेंड्यावरच्या सह्या वाचायच्या, आडनावांवरून, देवळाच्या शिक्क्यावरून गाव हुडकायचं, मग घर. ऑगस्ट २०१७ मध्ये ९३ वर्षांचे एक माजी अमेरिकन मरीन स्वतः जपानच्या गिफू प्रांतातल्या हिगाशिशिराकावा गावी गेले. १९४४ साली सायपान बेटावर मृत सैनिकाजवळून घेतलेला झेंडा त्यांनी त्याच्या म्हाताऱ्या भावंडांच्या हाती दिला. त्या घराला सरकारकडून पूर्वी एक लाकडी पेटी मिळाली होती. आत फक्त दगड होते.

या पेटीवरून सगळं समजतं. परदेशात मेलेल्या सुमारे २४ लाख जपान्यांपैकी ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अजून घरी पोहोचलेले नाहीत. इंफाळच्या मोहिमेत तर गोळीपेक्षा भूक आणि आजारानेच जास्त माणसं गेली, तीही पावसात, वाटेवर. अशा घरी झेंडा येतो तेव्हा त्यांच्या लेखी तो मुलगाच घरी येतो.

काही जण म्हणतील, त्यांचा एवढा पुळका कशाला? प्रश्न रास्त आहे. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या आपल्या जवानांचे त्या सैन्याने जे हाल केले, ते विसरायचं कारण नाही. पण त्या झेंड्यावर सही आईची, मास्तरांची, शेजाऱ्याची आहे. झेंडा परत दिल्याने कुणाचा गुन्हा माफ होत नाही.

शिवाय ही नुसती दया नव्हे, नियम आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे मृतदेहांची लूट होऊ द्यायची नाही, आणि मृताजवळच्या मोलाच्या व भावनिक महत्त्वाच्या वस्तू त्याच्या पक्षाकडे पाठवायच्या. १९२९ च्या करारातही वैयक्तिक वस्तू गोळा करून पाठवण्याचं कलम होतं. कागदावर सगळं होतं, रणात पाळलं गेलं नाही.

आपल्या पलटणीत जवान गेला की समिती बसते, त्याच्या सामानाची यादी होते. घड्याळ, पाकीट, देवाचा फोटो, अर्धवट पत्र, सगळं लिहून पेटी घरी जाते. तिकडे त्या पेटीतलं घड्याळ बंद पडलेलं असलं तरी आई ते जपून ठेवते.

म्हणून मित्रांनो, कुणाच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत ब्रह्मदेशाच्या लढाईतलं असं लाल सूर्याचं कापड असेल तर ते विकू नका, धुऊ नका. शाई उडाली तर नावं जातील, आणि नाव गेलं की घर सापडत नाही.

जय हिंद.