चवरा खनिज वाळू निक्षेप

चवरा खनिज वाळू निक्षेप हा केरळ राज्याच्या कोल्लम जिल्ह्यातील जड खनिजयुक्त पुळणींचा पट्टा होय. नींडकरा ते कायंकुळम या दरम्यान सुमारे २२ किमी. पसरलेला हा पट्टा इल्मेनाइटाच्या जगातील उच्च प्रतीच्या निक्षेपांपैकी एक मानला जातो. येथील वाळू काळसर असून तीत इल्मेनाइटाखेरीज रूटाइल, झिर्कॉन, सिलिमनाइट व मोनाझाइट ही खनिजे आढळतात.

निर्मिती

पश्चिम घाटातील खोंडालाइट, चार्नोकाइट इ. खडकांचे उष्ण व दमट हवामानात अपक्षय होऊन सुटे झालेले कण नद्यांनी समुद्रात आणले. क्वॉर्ट्‌झाचे विशिष्ट गुरुत्व २.६५, तर इल्मेनाइटाचे सुमारे ४.७ आहे. किनाऱ्यावर चढलेली लाट परतताना हलके कण ओढून नेते व जड कण मागे राहतात. ही क्रिया दीर्घकाळ चालून काळ्या वाळूचे थर साचले. अपक्षयाने लोहाचा अंश निघून गेल्यामुळे येथील इल्मेनाइटात टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे प्रमाण सुमारे ६०% आहे. शुद्ध इल्मेनाइटात ते ५३ टक्क्यांच्या आसपास असते.

महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइटयुक्त वाळू आहे. मात्र तिचा उगम मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टात असल्याने तीत मॅग्नेटाइट विपुल आढळते.

इतिहास

१९०९ मध्ये जर्मन रसायनज्ञ शोंबर्ग यांना त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याच्या दोरांना चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी थोरियमाला मोठी मागणी होती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्‌स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली.

पृथक्करण व उपयोग

प्रथम सर्पिल यंत्रात पाण्याच्या साहाय्याने हलकी वाळू वेगळी करतात. इल्मेनाइट व रूटाइल विद्युत्‌वाहक असल्याने ती स्थिरविद्युत् पद्धतीने, तर इल्मेनाइट रूटाइलापासून चुंबकाने अलग करतात. टिटॅनियम डाय-ऑक्साइड रंग, कागद व प्लॅस्टिक यांत पांढरे रंगद्रव्य म्हणून वापरतात. झिर्कॉन चिनी मातीच्या वस्तूंच्या झिलईसाठी व ओतकामात उपयोगी पडते. मोनाझाइटापासून विरल मृत्तिका मूलद्रव्ये आणि थोरियम मिळते. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचा तिसरा टप्पा थोरियमावर आधारलेला आहे.

किरणोत्सर्ग व पर्यावरण

मोनाझाइटातील थोरियमामुळे या भागात नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वसाधारण प्रमाणापेक्षा बराच अधिक आहे. करुनागप्पळ्ळी येथील सुमारे ७०,००० रहिवाशांच्या दीर्घकालीन अभ्यासात (२००९) या किरणोत्सर्गामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

येथील मुख्य वाद जमिनीविषयी आहे. समुद्र व खाडीकालवा यांमधील अरुंद पट्टीवर वसलेल्या आलप्पाड गावाला २००४ च्या त्सुनामीची मोठी झळ बसली होती. वाळू उपशामुळे किनाऱ्याची धूप वाढते, असे सांगत तेथील रहिवाशांनी २०१८-१९ मध्ये खाणकामाविरुद्ध आंदोलन केले. ज्या वाळूत खनिजसंपत्ती आहे, तीच वाळू या वस्तीचे समुद्रापासून रक्षण करते, हा त्यांच्या विरोधाचा मुख्य आधार होता.