पहाऱ्यावर बसवलेले उस्ताद

दर डिसेंबरात कराडला विजय दिवस साजरा होतो. 1971च्या युद्धाची आठवण जागवली जाते, जवानांचा सन्मान होतो, गाव लोटते. समारंभ आटोपला की त्याच सैनिकांतले अनेकजण बँकेच्या दाराशी किंवा साखर कारखान्याच्या गेटवर ड्युटीला उभे असतात. फौजेतून आलेला माणूस म्हणजे राखणदार, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वाया जाते आहे असे कुणाला वाटतही नाही. सातारा-सांगली पट्ट्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र दिसते की, निवृत्त सैनिकाने गावाकडे आणलेले सर्वांत मोलाचे कसब मोठ्या माणसांना शिकवण्याचे होते आणि आपण ते फारसे वापरलेच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. मुंबई इलाख्याच्या लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. रामजींनी लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केली. निवृत्तीनंतर त्यांचे कुटुंब साताऱ्यात आले, तेव्हा या अनुभवी शिक्षकाला काम मिळाले ते खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपालाचे. वडिलांना भेटायला निघालेला भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले कराड तालुक्यातल्या मसूर स्टेशनवर उतरली आणि महार म्हणून त्यांना गाडीवान मिळेना, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रवासाची दुसरी बाजू सहसा कुणी पाहत नाही. ज्या जिल्ह्याला शिक्षकांची इतकी गरज होती, तिथे चौदा वर्षे मुख्याध्यापकी केलेला माणूस तलावाच्या मजुरीचे पैसे मोजत होता. जात हे त्याचे एक कारण होतेच. निवृत्त सैनिकाकडे शिक्षक म्हणून पाहायची सरकारला सवय नव्हती, हे दुसरे. दापोलीत स्थायिक झालेले लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी 1888 साली अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. फौजेत मिळालेल्या विद्येला बाहेर वाट मिळाली ती अशी, ज्याच्या त्याच्या हिमतीवर.

ही विद्या नेमकी कोणती, ते रायफलच्या एका साध्या धड्यात दिसते. उस्ताद आधी ‘शुरू शुरू का काम’ उरकतो, म्हणजे वर्गाची गिनती आणि हत्यारांची तपासणी. मग मागच्या सबकाची दोहराई. त्यानंतर आजचे का शिकायचे ते सांगतो, उद्देश एका वाक्यात मांडतो, धड्याचे भाग पाडतो. प्रत्येक भागाचा आधी नमुना, मग शिकाऊ जवानांकडून सराव, शेवटी प्रश्न विचारून खात्री. वेगवेगळ्या बोलीचे, कमीअधिक शिकलेले जवान या पद्धतीने तेच काम बिनचूक करू लागतात. आज कंपन्यांतले प्रशिक्षण आखणारे तज्ज्ञ अशाच पायऱ्यांनी अभ्यासक्रम बांधतात, आणि त्यांच्या शास्त्राचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी प्रशिक्षणातूनच पुढे आला.

स्वतंत्र भारताच्या उभारणीत या अनुभवाचा थोडा उपयोग झालाही. जुलै 1945मध्ये फौजेतून सुटलेल्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्रात एक संचालनालय निघाले. आजच्या आयटीआयचे मूळ त्याच्या प्रशिक्षण योजनांत आहे. 1948 साली बिलासपूरजवळ कोनीला निदेशक घडवणारी संस्था सुरू झाली, कारण काम येणे वेगळे आणि ते दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना पटले होते. आपल्या भागात याच सुमारास आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग वाळव्याकडच्या क्रांतिकारकांना शस्त्रांचे शिक्षण देत होते. फेब्रुवारी 1946मध्ये मणदूरजवळच्या चकमकीत ते आणि त्यांचे साथीदार किसन अहिर हुतात्मा झाले. शेतकऱ्याच्या पोरांनी एका परमुलखातल्या सैनिकाला उस्ताद मानले, ही साधी गोष्ट नाही.

निवृत्त सैनिकांकडून गावाने शिकावे, यावर पहिला आक्षेप येतो तो धाकाचा. फौजेत शिक्षेच्या भीतीने शिकतात, गावातला संसारी माणूस ते का सोसेल? आक्षेपात तथ्य आहे. जवान वर्ग सोडून जाऊ शकत नाही, शेतकरी उठून घरी जाईल. पण ओरडणे परेडच्या मैदानावरचे. धड्याची बांधणी धाकावर उभी नसते, सरावावर उभी असते. धाक सोडून बांधणी तेवढी ठेवायला शिकवता येते, आणि कोनीसारख्या संस्था त्यासाठीच असतात. दुसरा आक्षेप असा की, आपला भाग शिकवला तो शिक्षकांनी. तेही खरे. कराडजवळच्या काले गावात 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1959ची प्रौढ साक्षरतेची ग्रामशिक्षण मोहीम साताऱ्यातूनच सुरू झाली. त्यांचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण अक्षरओळख झालेल्या माणसाला पुढे मोटार, वायरिंग, ट्रॅक्टर, वेल्डिंग शिकायचे असते, आणि लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत किंवा सिग्नलमध्ये वर्षानुवर्षे तेच शिकवलेला हवालदार शेजारच्या गल्लीत राहत असतो.

त्याला वाव मिळाला की काय होते, ते भरतीच्या अकादम्यांत दिसते. साताऱ्यात माजी सैनिक महामंडळाचे भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि गावोगावी निवृत्त जवान पहाटे पोरांकडून 1600 मीटरची तयारी करून घेतात. हे चांगलेच आहे, पण फौजेतून आलेल्याने पुन्हा फौजेसाठीच शिकवावे, एवढ्यावर थांबून चालणार नाही. 2022पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी फार तर 25 टक्के कायम होतील. बाकीचे चार वर्षांची नोकरी संपवून पंचविशीच्या आसपास घरी येतील. ते येण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, आयटीआय आणि साखर कारखाने यांनी एकत्र बसावे, कुणाला काय शिकवता येते याची नोंद करावी, त्यांना निदेशकाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि गेटवरच्या जागेआधी वर्गातली जागा देऊ करावी.