तँगली, झां

तँगली, झां : (२२ मे १९२५–३० ऑगस्ट १९९१). गतिशील कलेतील अग्रगण्य स्विस शिल्पकार. भंगारातले लोखंड, जुनी चाके, पट्टे आणि विजेच्या मोटारी जोडून त्याने हलणारी, खडखडणारी यंत्रशिल्पे केली. कारखान्यातल्या यंत्राने तीच क्रिया बिनचूक पुन्हा पुन्हा करावी अशी अपेक्षा असते. तँगलीने आपल्या यंत्रांत ढिलाई हेतुपुरस्सर ठेवली आणि यदृच्छेला कलाकृतीत जागा करून दिली.

त्याचा जन्म स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर येथे झाला. बालपण मात्र बाझेलमध्ये गेले. तेथील ‘ग्लोबस’ ह्या मोठ्या दुकानात त्याने सजावटकाराची उमेदवारी केली. बाझेलच्या कलाशाळेत शिकत असताना टाकाऊ वस्तूंपासून चिकटचित्रे करणाऱ्या कुर्ट श्विटर्सच्या कलेशी त्याची ओळख झाली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस पत्नी एव्हा एप्ली हिच्यासह तो पॅरिसला गेला. १९५४ मध्ये तेथील आर्नो कलावीथीत त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरले.

ह्या काळातील शिल्पे तारेची आहेत. तार वाकवून केलेली दातेरी चाके एकमेकांत सैलसर अडकवलेली असत. मूठ फिरवली किंवा मोटार सुरू केली, की एखादा दात पकडे, पुढचा निसटे, चाक क्षणभर अडून एकदम पुढे उडी घेई. त्यामुळे चाकांची तीच स्थिती पुन्हा केव्हा येईल, ते सांगता येत नसे. ह्या शिल्पांना ‘मेटा-मेकॅनिक’ हे नाव स्वीडिश कलासमीक्षक पाँटस हुल्टेन याने सुचविले. १९५५ मध्ये पॅरिसच्या दनीझ रने कलावीथीत ‘ल मूव्हमां’ (गती) हे प्रदर्शन झाले. त्यात मार्सेल द्यूशां व अलेक्झांडर कॉल्डर ह्या ज्येष्ठांबरोबर सोतो, आगाम, ब्यूरी आणि तँगली ह्या तरुणांच्या कलाकृती होत्या. गतिशील कला ही स्वतंत्र प्रवृत्ती म्हणून पुढे आली ती ह्या प्रदर्शनापासून. कॉल्डरची तरंगशिल्पे वाऱ्याच्या झुळकीने संथ हलतात. तँगलीची यंत्रे धक्के खात, आवाज करत चालतात.

१९५९ मध्ये त्याने ‘मेटा-मॅटिक’ ही चित्रे काढणारी यंत्रे दाखविली. प्रेक्षकाने कागद लावायचा, हव्या त्या रंगाचे पेन यंत्राच्या हातात बसवायचे आणि मोटार सुरू करायची. हात थरथरत कागदावर रेघोट्या ओढी आणि मिनिटा-दोन मिनिटांत एक अमूर्त चित्र तयार होई. कोणतीही दोन चित्रे सारखी नसत. तेव्हा पॅरिसमध्ये उत्स्फूर्त अमूर्त चित्रकलेचा बोलबाला होता. कलावंताच्या अंतःप्रेरणेच्या कल्पनेची ही उघड थट्टा होती. त्याच वर्षीच्या पहिल्या पॅरिस द्वैवार्षिकीत ठेवलेले सतराव्या क्रमांकाचे यंत्र पेट्रोल इंजिनावर चाले. त्याचा धूर एका मोठ्या फुग्यात साठवला जाई. यंत्राने हजारो चित्रे काढली.

यदृच्छेचा सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे ‘ओमाज टू न्यू यॉर्क’. न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या (मोमा) बागेत १७ मार्च १९६० रोजी सायंकाळी हे आत्मविनाशी यंत्र सुरू करण्यात आले. सायकलची चाके, बाथटब, पियानो, हवामानखात्याचा फुगा अशा भंगारातून उभारलेले हे पांढरे धूड सुमारे ७ मी. लांब व ८ मी. उंच होते. बेल प्रयोगशाळेतील अभियंता बिली क्लूव्हर याने त्याच्या जोडण्यांत मदत केली. कोणता भाग केव्हा मोडायचा हे ठरलेले होते, पण बरेच काही ठरल्याप्रमाणे घडले नाही. एक पट्टा उलटा बसल्याने त्यातल्या चित्रे काढणाऱ्या यंत्राचा कागद भलत्याच दिशेने गुंडाळला गेला. पियानो पेटला. अखेर अग्निशामक दलाच्या जवानाने आग विझवली, तेव्हा तमाशा मध्येच थांबवल्याबद्दल प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २७ मिनिटांच्या ह्या प्रयोगाचे अवशेष काहींनी आठवण म्हणून नेले. चुकांची झळ प्रयोगाला लागली नाही, कारण चूक होण्याची शक्यता हाच त्याचा गाभा होता. कलावंत व अभियंत्यांच्या ह्या सहकार्याचा पुढचा टप्पा म्हणून क्लूव्हरने १९६६ मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग व इतरांसह ‘एक्स्पेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संस्था स्थापन केली. स्वतः तँगलीने १९६२ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात सुरुंगाच्या स्फोटांनी असाच एक विनाश-प्रयोग केला.

यानंतर त्याच्या कामाचा आकार वाढत गेला. १९६६ मध्ये स्टॉकहोमच्या आधुनिक संग्रहालयात निकी द सँ फाल व पेर ओलोफ उल्टव्हेट ह्या कलावंतांसह त्याने ‘हून’ हे मांडणशिल्प उभारले. सुमारे २८ मी. लांबीच्या, आडव्या पहुडलेल्या गर्भवती स्त्रीच्या ह्या आकृतीत दोन पायांमधून प्रवेश करावा लागे. प्रदर्शन संपल्यावर ते मोडण्यात आले. पॅरिसजवळच्या मिली-ला-फोरे येथील जंगलात १९६९ पासून अनेक मित्रांच्या साहाय्याने त्याने ‘सिक्लॉप’ हे २२·५ मी. उंचीचे एकाक्ष मस्तक घडविण्यास घेतले. लोखंड व काँक्रीटच्या ह्या शिल्पात प्रेक्षक आत शिरून वर चढतो. तँगलीच्या निधनानंतर, १९९४ मध्ये, ते लोकांसाठी खुले झाले. सार्वजनिक जागांत त्याने पाण्यालाही गतीचे माध्यम केले. बाझेलचे कार्निव्हल कारंजे (१९७७) जुन्या नाट्यगृहाच्या जागी असून त्याच्या आकृतींत त्या रंगमंचाच्या यंत्रसामग्रीचे भाग वापरले आहेत. हिवाळ्यात उडते पाणी त्यांवर गोठते व त्यांचे आकार पालटतात. पॅरिसच्या स्त्राविन्स्की कारंज्यात (१९८३) त्याच्या काळ्या लोखंडी यंत्रांना निकीच्या रंगीत आकृतींची जोड मिळाली आहे.

उत्तरायुष्यात त्याच्या कामात मृत्यूचा विषय ठळक झाला. ‘मेंगेले-मृत्युनृत्य’ (१९८६) ही शिल्पमाला त्याने जळून खाक झालेल्या एका शेतघराच्या अवशेषांतून केली. त्यातील एका शेतीयंत्रावर मेंगेले ह्या उत्पादकाचे नाव होते. ऑशविट्झच्या छळछावणीतील कुप्रसिद्ध डॉक्टर ह्याच घराण्यातला. बर्न येथे तँगलीचे निधन झाले.

वास्तुशिल्पी मारिओ बोत्ता याच्या आराखड्यानुसार बांधलेले तँगली संग्रहालय बाझेल येथे १९९६ मध्ये सुरू झाले. तेथे कळ दाबून शिल्पे चालवता येतात. झीज टाळण्यासाठी दोन फेऱ्यांमध्ये विश्रांतीचा काळ ठेवलेला असतो. ह्या शिल्पांची डागडुजी करणाऱ्यांपुढील पेच वेगळाच आहे : झिजलेला भाग बदलावा तर लागतो, पण दुरुस्तीने यंत्र सुरळीत चालू लागले, तर ते तँगलीचे उरत नाही.