हमीदा बानू यांची कारकीर्द आणि ‘नुरा कुस्ती’चा आक्षेप

मराठवाड्यात गावजत्रेची सांगता कुस्त्यांच्या फडाने होते, ही गोष्ट येथील वाचकास नव्याने सांगावयास नको. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या व गुरांच्या बाजाराइतकेच कुस्त्यांच्या दंगलीचेही आकर्षण असते. लातूरच्या मातीने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा, १९६९ साली महाराष्ट्र केसरी ठरलेला मल्ल दिला. असे असूनही आपल्याकडील मल्लविद्येचा इतिहास बहुधा विजेते, वस्ताद आणि आश्रयदाते यांच्या नामावळीपुरताच लिहिला जातो. या नामावळीत ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांना ते का मिळाले नाही, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न हमीदा बानू या व्यावसायिक स्त्री-मल्लाच्या संदर्भात विचारावयाचा आहे.

हमीदा बानू यांच्या कारकिर्दीचा जो भाग येथे पाहावयाचा आहे, तो मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि बडोदे या तत्कालीन मुंबई राज्यातील शहरांत घडला. १९५४ साली नांदेड जिल्हा व तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे हैदराबाद राज्यात होते. मुंबई राज्याशी त्यांचा संबंध १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुळला. तेव्हा ही हकीकत आपल्या जिल्ह्यांतील नव्हे. परंतु ज्या रूढीने या मल्लाच्या कारकिर्दीचे भवितव्य ठरविले, ती इनामी कुस्तीची रूढी आपल्या जत्रांतूनही चालत आलेली आहे. त्यामुळे ही हकीकत समजून घेण्याचे साधन येथील अभ्यासकाच्या हाताशी आहे.

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्याकडे त्यांनी कुस्तीचे शिक्षण घेतले आणि त्यामुळेच वृत्तपत्रांनी पुढे त्यांना अलीगढची रणरागिणी ठरविले. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवान याच्याशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा क्रीडागारात सुमारे २०,००० प्रेक्षक जमल्याचे वृत्त ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिले. ती कुस्ती झालीच नाही. प्रतिस्पर्ध्याने अधिक रक्कम व तयारीसाठी अधिक अवधी मागितला, कुस्ती रद्द झाली आणि संतप्त प्रेक्षकांनी क्रीडागाराची मोडतोड केली. एका स्त्री-मल्लाची कुस्ती पाहण्यास एवढा समुदाय लोटत होता, आणि तिच्यासमोर नामांकित मल्ल मात्र उभा राहत नव्हता, ही दोन्ही तथ्ये या एकाच प्रसंगात एकत्र आलेली दिसतात. त्यांचा परस्परसंबंध हाच आपल्या विवेचनाचा विषय होय.

१९५४ च्या फेब्रुवारीत हमीदा बानू यांनी जाहीर केले की, जो पुरुष आपणांस कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू. त्यानंतर पतियाळा व कलकत्ता येथील दोन मल्ल त्यांच्याकडून पराभूत झाले. मे महिन्याच्या प्रारंभी बडोद्यास तिसरी कुस्ती ठरली. प्रथम ज्याचे नाव जाहीर झाले होते त्या, बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या छोटा गामा याने ऐन वेळी माघार घेतली आणि त्याच्या जागी बाबा पहिलवान उभा राहिला. ही कुस्ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली. बाबा पहिलवान चितपट झाला आणि त्याने त्यानंतर कुस्ती सोडल्याचे जाहीर केले. या सुमारास आपण ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्याचा हमीदा बानू यांचा दावा होता. त्यांची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. रोजचे साडेपाच लिटरांहून अधिक दूध, सुमारे किलोभर मटण, अर्धा किलो लोणी व ६ अंडी हा खुराकही छापला. मल्लाचा खुराक सांगणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. मात्र पुरुष-मल्लाच्या खुराकाविषयी वाचकास आदर वाटावा अशी अपेक्षा असते, तर येथे तोच तपशील नवलाची वस्तू म्हणून पुढे येतो, हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

विवाहाच्या या पणाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. स्त्रीराज्याच्या प्रमिलेने अर्जुनाचा घोडा अडविला, ही जैमिनी अश्वमेधातील कथा मराठी श्रोत्यांस पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. त्या कथेत युद्धाचा शेवट विवाहात होतो व शौर्य गृहस्थाश्रमात विलीन होते. हमीदा बानू यांच्या पणाचे बाह्य रूप असेच आहे. परंतु त्याचे कार्य नेमके उलट होते. हा पण कोणी जिंकत नव्हता तोवरच तिकिटे खपत होती. शिवाय, स्त्रीशी कुस्ती धरणे हे लाजिरवाणे मानणाऱ्या मल्लाला मैदानात येण्यास एक मान्य कारण या पणामुळे मिळत होते. तेव्हा हा पण केवळ विक्षिप्तपणाचा प्रकार नसून व्यवसायाची एक युक्ती होती, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती-संघाच्या विरोधामुळे ती रद्द करावी लागली. कोल्हापुरात त्यांनी एका पुरुष-मल्लास हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, दगडफेक केली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. ती कुस्ती लटकी असल्याचे लोकांचे म्हणणे होते. आपल्या कुस्त्यांवरील बंदीविरुद्ध हमीदा बानू यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. त्यांस असे उत्तर मिळाले की, ही बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही. आयोजक त्यांच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्यामुळे ती घालण्यात आली आहे.

हे उत्तर वरवर पाहता निःपक्षपाती दिसते आणि तक्रारी सर्वस्वी निराधार होत्या, असेही म्हणवत नाही. धंदेवाईक कुस्तीत संगनमताचे प्रकार होत असत. ‘नुरा कुस्ती’ हा शब्दच त्याचा साक्षीदार आहे. परंतु हा आक्षेप कसा उत्पन्न झाला हे पाहावयाचे तर इनामी कुस्तीचे अर्थकारण ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्तीपासून आरंभ होतो आणि इनामाची रक्कम वाढत वाढत शेवटच्या कुस्तीपर्यंत जाते. कोणाची जोड कोणाशी लावावयाची हे पंच ठरवितात. ते मल्लाचे अंग पाहतात, वय पाहतात आणि त्याने पूर्वी कोणास पाडले व तो कोणाकडून पडला हेही पाहतात. म्हणजे मल्लाचे मोल त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर ठरते. तोलामोलाच्या मल्लाकडून हरणाऱ्याचेही मोल फारसे घटत नाही. हलक्या समजल्या गेलेल्या मल्लाकडून हरणाऱ्याचे मात्र एकदम घसरते.

हाच हिशेब हमीदा बानू यांच्या प्रतिस्पर्ध्यास लावून पाहावा. त्यांना पाडले तर ‘बाईला पाडले’ एवढेच नाव मिळणार. त्यांच्याकडून पडले तर पुढील प्रत्येक मैदानात ती गोष्ट पाठीस लागणार. बाबा पहिलवानाने एका पराभवानंतर कुस्तीच सोडल्याचे जाहीर करावे, याचा अर्थ या हिशेबातून उलगडतो. ज्याला प्रतिष्ठा गमावण्याचे भय होते तो मल्ल माघार घेई. ज्याला गमावण्यासारखे थोडे होते तोच पुढे येई. त्यातूनही एखादी कुस्ती ठरलीच, तर पुण्याप्रमाणे संघ ती होऊ देत नसे. अशा स्थितीत मैदानात दुय्यम मल्लच दिसणार हे उघड आहे. पुढे त्या दुय्यम मल्लांकडे बोट दाखवून कुस्ती नकली ठरविण्यात आली. तात्पर्य, नामांकित मल्लांच्या नकारातून जी उणीव निर्माण झाली, तिचा दोष जिला नकार मिळाला तिच्याच पदरी घालण्यात आला. शासनाने बंदीचे कारण स्त्रीत्व नव्हे असे म्हटले. पण ज्या परिस्थितीतून ते कारण निर्माण झाले, ती परिस्थिती स्त्रीत्वामुळेच उद्भवली होती.

या ठिकाणी एक शंका घेता येईल. पुरुष-मल्लांशीच कुस्ती का धरावी? स्त्रियांशी का नाही? याचे उत्तर असे की, व्यवसाय म्हणून कुस्ती करणाऱ्या, तोलामोलाच्या स्त्रिया त्या काळी देशात जवळजवळ नव्हत्या. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिकमधील कांस्यपदक मिळविले, तेव्हा हौशी कुस्तीला आंतरराष्ट्रीय मान्यतेचा राजमार्ग खुला होता. स्त्रियांची कुस्ती मात्र ऑलिंपिकमध्ये २००४ सालापर्यंत आली नाही. म्हणून हमीदा बानू यांची जोड लावावयाची तर ती परदेशी स्त्रियांशीच लावावी लागे. १९५४ साली मुंबईत ‘मादी अस्वल’ अशी ख्याती असलेल्या व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लास त्यांनी एक मिनिटाच्या आत हरविले आणि युरोपात जाऊन तेथील मल्लांशी झुंजण्याचा मनोदय जाहीर केला. येथील मैदाने बंद होत असता हाच एक मार्ग मोकळा होता.

तो मार्गही खुंटला. यापुढील हकीकत लिखित साधनांतून नव्हे, तर मौखिक साधनांतून येते. हमीदा बानू यांच्या नातेवाइकांचे व शेजाऱ्यांचे कथन असे की, सलाम पहिलवान यांस परदेशगमन मान्य नव्हते आणि ते रोखण्यासाठी झालेल्या मारहाणीत हमीदा बानू यांचे हात व पाय मोडले. पुढे कित्येक वर्षे त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. उभयतांच्या विवाहाविषयी दोन्ही घरांची साक्ष परस्परविरुद्ध आहे: सलाम पहिलवानांच्या घरून तो झाल्याचे सांगितले जाते, हमीदा बानू यांच्या घरून ते नाकारले जाते. कौटुंबिक आठवणींत पक्षपात असतो आणि काळाने तपशील बदलतात. त्यामुळे अशा साक्षीस वृत्तपत्रीय नोंदीचे प्रामाण्य देता येत नाही. तथापि कुस्तीच्या मैदानातून त्या एकाएकी दिसेनाशा झाल्या, हे वृत्तपत्रांच्या मौनावरूनही कळते आणि कौटुंबिक साक्ष त्या मौनाशी जुळते. जिला मैदानात कोणी पाडले नाही अशी ख्याती होती, तिची कारकीर्द मैदानाबाहेर संपली, एवढे निश्चयाने म्हणता येईल.

उरलेले आयुष्य त्यांनी मुंबईनजीक कल्याण येथे काढले. तेथे त्यांनी दुधाचा व्यवसाय केला; दिवस कठीण आले तेव्हा रस्त्याच्या कडेला घरी केलेले खाद्यपदार्थही विकले. १९८६ साली त्यांचा अंत झाला.

त्यांच्यानंतर परिस्थिती पालटली, पण हळूहळू. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाचा समावेश २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी मेरी कोम यांनी कांस्यपदक मिळविले. नांदेडच्या सीमेलगत असलेल्या निजामाबादच्या निखत झरीन २०२२ व २०२३ साली मुष्टियुद्धात विश्वविजेत्या झाल्या. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिला महाराष्ट्र केसरीसाठी मात्र मार्च २०२३ उजाडावा लागला. सांगली येथे झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. अंतिम कुस्तीत त्यांच्यासमोर उभ्या होत्या त्या कल्याणच्या वैष्णवी पाटील.

या दोघींना जे मिळाले ते हमीदा बानू यांना मिळाले नव्हते. ते म्हणजे केवळ पदक अथवा गदा नव्हे, तर तोलामोलाची जोड, ती लावून देणारी मान्य संस्था आणि निकाल खरा मानणारा प्रेक्षक. या तीन गोष्टींवाचून कोणत्याही मल्लाचा विजय सिद्ध होऊ शकत नाही. म्हणून हमीदा बानू यांच्या कुस्त्यांपैकी खऱ्या किती व नकली किती, हा हिशेब मांडण्यापूर्वी अभ्यासकाने दुसरा हिशेब मांडावयास हवा: त्यांच्याशी झुंजण्याचे किती जणांनी टाळले आणि किती कुस्त्या होऊच दिल्या गेल्या नाहीत? जत्रांच्या जमाखर्चाच्या वह्या, इनामांच्या याद्या आणि वृद्ध वस्तादांच्या आठवणी आपल्या जिल्ह्यांतही आहेत. त्यांत न लागलेल्या कुस्त्यांचा शोध घेतला, तर नामावळीत नसलेल्या आणखी काही व्यक्तींची ओळख आपणांस होईल, असा विश्वास वाटतो.